कडा आणि भरणी

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर, संध्यामठ समोर दिसेल अशी जागा धरून, गुडघ्यांवर बोर्ड ठेवून बसले होते. आकाशाचा वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, देऊन झाला होता, पाण्याचाही झाला होता आणि आता मठाच्या दगडांचे काम चालू होते : एक दगड, त्याची सावलीकडची बाजू, मग शेजारचा दगड, त्याची सावलीकडची बाजू. फिरायला आलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्या मागे येऊन बराच वेळ उभे राहिले असावेत, कारण ते बोलले तेव्हा आवाज अगदी कानाशी आला. ‘‘ध्यान लागलंय बघा बाईंचं,’’ ते बरोबरच्या माणसाला हळूच म्हणाले. ‘‘चला, आपण मधी बोलायला नको.’’

मला हसू आवरेना. त्या क्षणी मी कुकरच्या रिंगेचा विचार करत होते. आमचा कुकर जुना आहे, त्याच्या मापाची रिंग महाद्वार रोडवरच्या एकाच दुकानात मिळते आणि ते दुकान रविवारी उघडे असते की नाही, इथून सुरुवात झाली होती. कुकरवरून मी मामींच्या पांढऱ्या रश्श्यावर गेले होते, रश्श्यावरून मामी आमच्याबरोबर कधी पंगतीला बसल्याचे आठवते का या प्रश्नावर आले होते आणि तिथे मात्र बराच वेळ थांबले होते, कारण काही केल्या ते चित्र डोळ्यांसमोर येईना. वाढताना त्यांचा हात दिसत होता, हिरव्या बांगड्या दिसत होत्या, पण बसलेल्या मामी दिसत नव्हत्या. एवढ्या वेळात कागदावर चौदा दगड झाले होते. त्यांतल्या एकाचेही मला काही आठवत नव्हते आणि सांगायला संकोच वाटतो, पण ते चांगले उतरले होते.

चित्र काढणाऱ्या माणसाविषयी लोकांच्या मनात एकाग्रतेची जी कल्पना असते, ती आम्ही चित्र काढणारेही फारशी मोडत नाही, कारण ती सोयीची असते. घरात कोणी हाक मारली आणि आपण ओ दिली नाही, तर ‘तंद्री लागली होती’ एवढे सांगून सुटका होते. पण तंद्री लागली असे म्हणताना माणूस समोरच्या जगातून उठून गेला एवढेच कळते. तो कुठे गेला, हे त्या शब्दात नाही. चित्रात गेला असे आपण धरून चालतो. गेली तीसेक वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवते आहे आणि त्याहून अधिक काळ स्वतः चित्रे काढते आहे. माझा अनुभव असा आहे, की ब्रश हातात असताना मन चित्रात असते ते थोडा वेळ, आणि उरलेला वेळ ते अशा ठिकाणी जाते, जिथे मी एरवी त्याला मुद्दाम नेऊ पाहिले तर ते पाऊल टाकणार नाही.

हे मला पहिल्यांदा कळले ते माझ्या वडिलांकडे पाहून. अण्णा पेंटर होते. कोल्हापुरात या शब्दाला मोठा मान आहे, कारण मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव मेस्त्री इथे बाबूराव पेंटर झाले आणि खरी कॉर्नरला त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. आमचे अण्णा मात्र दुकानाच्या पाट्यांचे पेंटर. पत्र्याला अस्तर मारून वाळवायचे, खडू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधोमध चिमटीत धरून सोडायची, की पत्र्यावर टणत्कार होऊन एक पांढरी सरळ रेघ उमटायची. अशा दोन रेघांच्या मध्ये खडूने अक्षरे बसवायची, मग बारीक ब्रशने अक्षरांच्या कडा ओढायच्या आणि शेवटी जाड ब्रशने आतला रंग भरायचा. या शेवटच्या कामाला ते भरणी म्हणत.

कडा ओढताना अण्णा वेगळेच असत. डाव्या हातात काठी, तिचे टोक पत्र्याच्या काठावर टेकवलेले, त्या काठीवर उजवे मनगट, आणि ‘क’चे पोट वळवून होईपर्यंत श्वास रोखलेला. आम्ही पोरे त्या वेळी सोप्यात पळू शकत नव्हतो. भरणी सुरू झाली, की त्यांचा चेहराच बदलायचा. ब्रश अक्षराच्या पोटात वर-खाली जात राहायचा आणि भुवया बोलायला लागायच्या. गावाकडच्या दीड एकर रानाचा थोरल्या काकांशी वाद होता. एका पाटीच्या भरणीत तो खटला अण्णा पहिल्यापासून शेवटपर्यंत लढवत. मध्येच त्यांची मान हलायची, ओठ आवळायचे, एखादा मुद्दा बिनतोड सुचला की गालात हसू यायचे. एकदा मी विचारले, ‘‘अण्णा, कुणाशी बोलताय?’’ ते दचकले आणि मग म्हणाले, ‘‘पोरी, कडा ओढताना माणूस हितंच पायजे. भरणीला कुठं बी जाऊन यावं. रंग कडेच्या भाईर जात न्हाई तवर कुणाचं काय जातंय?’’

हा नियम त्यांनी स्वतः एकदाच मोडलेला मला ठाऊक आहे. ताईच्या दहावीच्या निकालाचा दिवस होता आणि एका खानावळीची पाटी सकाळपासून हातात होती. खडूने अक्षरे बसवताना, म्हणजे ज्या वेळी माणूस ‘हितंच’ असायला हवा त्या वेळी, ते मनाने शाळेच्या फलकासमोर उभे होते. पाटीवर ‘शुद्ध शाकारी’ अशी अक्षरे बसली, त्यांच्या कडा अचूक ओढल्या गेल्या, भरणी झाली, पिवळ्यावर लाल छाया दिली गेली आणि पाटी चढली. खानावळीच्या मालकाला हे तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने दाखवले. ताई पास झाली होती, म्हणून त्या ‘हा’चे पैसे अण्णांना फारसे जड गेले नाहीत. पण पुढे आयुष्यभर कुणाची काही चूक झाली, की आमच्या घरात ‘हा राहिला’ असे म्हणण्याची पद्धत पडली.

आईचे अंगणही याच नियमाने चालायचे. ठिपके देताना ती मोजत असे, तेव्हा तिच्याशी बोलायचे नाही. ठिपके जोडायला लागली, की ती तिच्या माहेरी असे. रांगोळी संपवून उठताना कंबर धरून ती म्हणायची, ‘‘मी कागलला जाऊन आलो बघ.’’ आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याचे नवल वाटते.

जलरंगात कडा आणि भरणी इतक्या सुट्या नसतात. तिथे वेळ पाणी ठरवते. कागद ओला करून त्यावर आकाशाचा रंग सोडला, की ओल जाईपर्यंतची चार-पाच मिनिटे मन कुठे म्हणजे कुठेच जात नाही. ते जाऊच शकत नाही. वॉश अर्धवट वाळलेला असताना जास्त पाण्याचा ब्रश चुकून टेकला, तर नवे पाणी आधीचा रंग ढकलत नेते आणि त्याच्या काठावर कोबीच्या पानासारखी दातेरी कड सोडते, जी पुढे कशानेही झाकत नाही. माझ्या जुन्या चित्रांत अशा कडा पुष्कळ आहेत आणि त्यांतली प्रत्येक म्हणजे मी त्या मिनिटाला जागेवर नव्हते याची सही आहे.

वॉश वाळण्याची वाट पाहणे हा दुसरा प्रकार, आणि तो मला सर्वांत कमी आवडतो. पावसाळ्यात आमच्याकडे कागद लवकर वाळत नाही. हात रिकामा असतो, नजर कागदावर असते आणि मन नेमके तिथे जाते जिथे जाऊ नये : न भरलेला हप्ता, तपासणीचा रिपोर्ट, कुणीतरी कधीतरी सर्वांदेखत केलेला अपमान. रिकाम्या हाताचे मन खाजवत बसते.

आणि तिसरा प्रकार म्हणजे दगड. किंवा कौले, पाने, विटा, लाटा. जे एकासारखे एक पुष्कळ आहे आणि तरी प्रत्येक वेळी थोडे निराळे आहे असे काहीही. हे काम हाताला पुरते, पण सगळ्या मनाला पुरत नाही. हंगामात साखर कारखान्यावर ऊस खाली करून रात्री परतणाऱ्या बैलगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगावे लागणार नाही. गाडीवान घोंगडे पांघरून झोपलेला असतो आणि बैल आपल्या पायांनी वाट कापत असतात. पण त्या झोपेत गाडीवानाचा एक कान जागा असतो. चाक खड्ड्यात गेले की तो उठून बसतो. दगड रंगवताना माझे असेच होते. एखाद्या दगडाची सावली उलट्या बाजूला पडू लागली, की मामींच्या स्वयंपाकघरातून मी एकदम रंकाळ्यावर येते, ती सावली सावरते आणि पुन्हा जाते. परत त्याच जागी जाता येते, हे विशेष. एरवी तुटलेला विचार सापडत नाही.

मन असे भटकणे चांगले की वाईट, यावर अभ्यासकांनी काम केले आहे. हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 2250 प्रौढांना त्यांच्या फोनवर दिवसाच्या कोणत्याही वेळी विचारण्यात आले, की तुम्ही आत्ता काय करत आहात आणि मन त्याच कामात आहे की दुसरीकडे. जवळपास 47 टक्के वेळा मन दुसरीकडे होते, आणि भटकणारे मन हे सुखी मन नसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आकड्याशी माझे भांडण नाही. उलट मला तो कमीच वाटला. निष्कर्षाशी मात्र थोडे आहे. वॉश वाळताना भटकणारे माझे मन आणि दगड रंगवताना भटकणारे माझे मन ही दोन्ही त्यांच्या वहीत एकाच रकान्यात गेली असती. आणि त्या दोघांची मला तर एकमेकांशी तोंडओळखही असल्यासारखी वाटत नाही.

दुसरा एक छोटा प्रयोग मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो माझ्या रोजच्या कामातला आहे. जॅकी अँड्रेड या ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी चाळीस माणसांना फोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला; निम्म्यांना ऐकताना कागदावरचे छोटे आकार पेन्सिलीने भरत राहायला सांगितले होते. नंतर विचारल्यावर आकार भरणाऱ्यांना 29 टक्के अधिक आठवले. हे वाचले तेव्हा मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. दुसऱ्या विषयांचे शिक्षक त्याच्या वह्या माझ्याकडे तक्रार म्हणून आणत असत, जणू मीच त्याला फूस लावली होती. समासात वरपासून खालपर्यंत ट्रॅक्टर : मोठी चाके, लहान चाके, चाकांवरच्या नक्षीचा एकेक काप भरलेला. मी त्याला विचारले, की इतिहासाच्या तासाला तू ट्रॅक्टर का काढतोस. तो म्हणाला, ‘‘न्हाई काढला तर मी घरात जातो, बाई.’’ त्याचे घर म्हणजे त्या वर्षी आजारी पडलेला बाप होता, हे मला पुढे कळले. टायरचे काप त्याला वर्गात धरून ठेवत होते. माझे दगड मला घरी सोडून येतात, त्याचे टायर त्याला घरापासून लांब ठेवत. काम तेच, हाताचे.

मन जिथे गेले होते ते चित्रात उतरते का? पाहणाऱ्यापुरते विचाराल, तर नाही. करणाऱ्यापुरते मात्र ते तिथेच राहते, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत नवलाची वाटते. माझ्याकडे 2019 च्या ऑगस्टमध्ये केलेले एक स्थिरचित्र आहे. पितळेची घागर, दोन लिंबे आणि मागे घड्या पडलेले निळे जुने पातळ. त्या आठवड्यात कोल्हापूर पाण्यात होते. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. पाणी त्याच्या कितीतरी वर गेले होते, हमरस्ता बंद होता आणि शाहूपुरीत ताईचे घर होते. आम्ही मंगळवार पेठेत कोरड्यात होतो, करण्यासारखे काही नव्हते आणि फोनची वाट पाहत नुसते बसवत नव्हते, म्हणून मी घागर मांडली. आज ते चित्र समोर धरले, की डावीकडच्या पहिल्या घडीत मला शेजाऱ्यांचा आवाज ऐकू येतो, ‘‘अजून दोन इंच चढलं.’’ दुसऱ्या घडीत भाचीचा फोन आहे : जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आले. तिसऱ्या घडीत फोन लागत नाही. ती घडी बाकीच्यांपेक्षा खोल आहे. तिथे प्रुशियन ब्लू तीनदा चढला आहे, कारण मी ब्रश उचलायचेच विसरले होते. पुढे शाळेच्या प्रदर्शनात एका पाहुण्यांनी नेमकी तीच सावली दाखवून म्हटले, की इथे तुम्ही धीटपणा दाखवला आहे. मी आभार मानले. त्या चित्रात पाणी कुठेच नाही.

परीक्षेत आम्ही मुलांना स्मरणचित्र काढायला लावतो : बाजार, बसस्थानक, पावसातले गाव. आठवणीतले दृश्य कागदावर आले पाहिजे. निळ्या पातळाचे ते स्थिरचित्र माझ्यासाठी स्मरणचित्रच आहे, फक्त त्याचा विषय माझ्याशिवाय कुणालाही दिसत नाही.

म्हणून जुन्या चित्रकारांच्या कामापुढे उभी राहिले, की मला अलीकडे चुटपुट लागते. आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, परत कोल्हापूरला आले आणि शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला. मी बसते त्याच रंकाळ्याच्या परिसरात ते बसत. महाराज 1922 मध्ये गेले, आणि त्या दुःखात आबालालनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थ तलावाच्या पाण्यात सोडून दिली असे कोल्हापुरात सांगतात. या गोष्टीने हळहळणारे लोक बुडालेल्या चित्रांसाठी हळहळतात, आणि ते योग्यच आहे. पण एकेका झाडाची पाने ठेवताना या अबोल माणसाचे मन जिथे जात असेल, ती ठिकाणे वाचलेल्या चित्रांमधूनही आपल्याला मिळालेली नाहीत. बाबूरावांच्या बाबतीत निदान अनुमानाला जागा आहे. ते आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. पडद्यावरचे जंगल म्हणजे हजारो पाने, म्हणजे भरणीच भरणी. चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवण्याचा ध्यास दोघांनी घेतला होता. आनंदराव 1916 मध्ये वारले आणि पुढे बाबूरावांनी तो तडीला नेला. पडद्याच्या जंगलात पान टेकवताना त्या दोघांच्या मनात कॅमेऱ्याची दातेरी चाके फिरत नसतील, हे मला कुणी पटवून देऊ नये.

कालिदासाला हा विषय ठाऊक होता. ‘मालविकाग्निमित्रा’त राजाने मालविकेला आधी चित्रात पाहिलेले असते, आणि चित्रकाराने सौंदर्य वाढवून काढले असेल अशी त्याला शंका असते. ती प्रत्यक्ष समोर येते तेव्हा तो म्हणतो, की ज्याने ही रेखाटली त्याचा हात कमी पडला. चित्रकाराची समाधी शिथिल झाली होती. शिथिलसमाधी हा शब्द अनेक अभ्यासकांनी कलेतल्या एकाग्रतेच्या चर्चेत वापरला आहे आणि दर वेळी त्यात चित्रकारावर ठपका असतो. माझ्या मते राजा घाईने बोलला. मालविकेसमोर बसून तिचे डोळे काढणाऱ्याची समाधी ढळली असेल तर ती घरच्या कटकटीने ढळली असण्याचा संभव कमी. तिच्याकडे पाहता पाहताच ढळली असेल. डोळे म्हणजे कड. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रात्री जाऊन पाहावे. पितांबर रंगवणारी पोरे मोबाईलवर गाणी लावून, एकमेकांची टर उडवत काम करत असतात, आणि त्याच मांडवात डोळ्यांची आखणी करणारा माणूस भिंतीकडे तोंड करून एकटा बसलेला असतो. त्याच्या भोवतीची हाताभर जागा कुणीही न सांगता मोकळी सोडलेली असते. त्याला मी एकदा विचारले होते, की आखणी करताना मनात काय असते. त्याने ब्रश पुसला, थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘‘काय न्हाई ओ. ते संपल्यावर भूक लागलेली कळती.’’

अण्णांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. त्यांच्या पाट्या एकेक करून उतरल्या. फ्लेक्स आले आणि अक्षरांना कडाही राहिल्या नाहीत, भरणीही राहिली नाही, सगळे एकदमच यंत्रातून बाहेर पडते. एक पाटी अजून आहे. एका जुन्या भांड्याच्या दुकानावर, तिथल्या नव्या फ्लेक्सच्या वरच्या अंगाला, मालकांनी ती काढायचा कंटाळा केला म्हणून राहिलेली. ‘तांब्या-पितळेची भांडी मिळतील.’ रिंग घ्यायला म्हणून मी त्या रविवारी रंकाळ्यावरून तशीच बाजारात गेले, दुकान बंद होते, आणि परत येताना त्या पाटीखाली थांबले. उन्हाने भरणी उडाली आहे. लाल रंगाचा आता विटकरी डाग उरला आहे. कडा मात्र काळ्याने ओढलेल्या, त्यामुळे अजून ठसठशीत आहेत. ‘भां’च्या पोटात ब्रशचे फटकारे वर-खाली गेलेले खालून दिसतात, अगदी मोजता येतील इतके. चार, पाच, सहा. दीड एकराचा खटला असेल, नाहीतर ताईच्या लग्नाचा खर्च, नाहीतर मी. सातव्या फटकाऱ्याशी ब्रश थोडा थांबलेला दिसतो, तिथे रंगाचा एक जाड थेंब खाली ओघळून वाळला आहे, कडेच्या आतच.